१२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या वही-पेन घेऊन कशी उलगडायची

नाशिकरोडहून देवळालीला जाताना कितीतरी लोकांना माहीतच नसतं की ह्या छोट्याशा गावात १९३० ते १९६२ एवढी वर्षं एक शाळामास्तर मुलांना शिकवत होते आणि उरलेल्या वेळात नुसत्या आकड्यांशी खेळून जगभर नाव मिळवत होते. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५ डहाणूचा, शिक्षण ठाणे आणि फर्ग्युसन, मुंबई विद्यापीठाची बीएस्सी, बस, त्यापुढची मोठी डिग्री नाही. ६१७४ हा त्यांचा आकडा बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो, यूट्यूबवर ढीगभर व्हिडिओ आहेत. पण मला त्यांच्या कामातली जी संख्या सगळ्यात जास्त आवडते ती ही वरची सतरा अंकी, आणि ती कुणी नीट समजावून सांगत नाही, लोक फक्त "वा काय मजेशीर पॅटर्न" म्हणून फॉरवर्ड करतात आणि संपलं. खरं तर हिच्यातली प्रत्येक गंमत का होते हे सातवी-आठवीच्या गणितात कळतं, फक्त हाताने करून बघायला पाहिजे. म्हणून हे सगळं पायरी पायरीने लिहितोय, ज्यांनी शाळेनंतर गणिताचं तोंड पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी पण.

सामान काय लागेल: चौकटीची वही (साध्या वहीत रकाने तिरके जातात आणि मग सगळा घोळ होतो), पेन्सिल, खोडरबर. कॅल्क्युलेटर सध्या बाजूला ठेवा, का ते पुढे सांगतो.

पायरी १: आधी वाचता आली पाहिजे

संख्या वहीत एका ओळीत लिहा, एका चौकटीत एक अंक. १ पासून ९ पर्यंत चढायचं आणि परत १ पर्यंत उतरायचं. मधला ९ कुठल्याही बाजूने मोजला तरी नववा. उलटी वाचली तरी तीच संख्या.

आता उजवीकडून नेहमीसारखे स्वल्पविराम द्या, आधी तीन अंक मग दोन दोन: १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. वाचायची सोपी रीत म्हणजे शेवटचे सात अंक वेगळे काढायचे, उरलेले सगळे कोटी. म्हणजे १२३ कोटी ४५ लाख ६७ हजार ८९८ कोटी, ७६ लाख ५४ हजार ३२१. ढोबळ मानाने सव्वाशे कोटी कोटी. मोठ्याने एकदा वाचून बघा, संख्या केवढी आहे ते त्याशिवाय डोक्यात बसत नाही.

पायरी २: ती तयार कशी होते

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, बाकी सगळं हिच्यावर उभं आहे, त्यामुळे घाई करू नका. लहानापासून सुरू करा:

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

असं करत करत नऊ वेळा १ लिहिलेली संख्या, म्हणजे १११११११११, तिला तिनेच गुणलं की आपली संख्या येते. आता हे का होतं? १११ × १११ शाळेतल्यासारखा उभा मांडा:

१११
१११०
१११००

तिन्ही ओळी उजवीकडचं एकक स्थान जुळवून लिहिल्या की प्रत्येक ओळ आधीच्यापेक्षा एक घर डावीकडे सरकलेली दिसेल, रामकुंडाच्या पायऱ्यांसारखी. आता उभ्या रकान्यात किती एक आलेत ते नुसतं मोजा. शेवटच्या रकान्यात एक, त्याच्या आधी दोन, मग तीन, मग परत दोन, मग एक. म्हणून १२३२१. गुणाकार म्हणजे इथे फक्त मोजणी झाली. नऊ ओळी घेतल्या तर रकान्यांमध्ये १, २, ३ असं करत ९ पर्यंत चढतं आणि परत उतरतं, आणि सगळ्यात भरलेल्या रकान्यातही ९ च एक असल्यामुळे कुठेही हातचा येत नाही. हातचा येत नाही हे वाक्य वहीत ठळक लिहून ठेवा, कारण ह्या संख्येचं सगळं सौंदर्य त्याच्यातून आलेलं आहे.

नऊ ओळींची मांडणी एकदा तरी पूर्ण करा, कंटाळा करू नका. सतरा रकाने लागतात आणि पानभर एक एक एक लिहून झाल्यावर खाली ती संख्या उतरताना बघणं ह्याला पर्याय नाही.

कापरेकरांनी अशा संख्यांना डेम्लो संख्या असं नाव दिलं. मुंबईजवळच्या जुन्या जीआयपी रेल्वेवरच्या डेम्लो स्टेशनवर, म्हणजे आत्ताच्या डोंबिवलीला, त्यांना ही कल्पना सुचली म्हणून ते नाव (आपण नाशिकहून मुंबईला जातो तीच लाइन, कल्याण सोडलं की लगेच येतं). त्यांची मूळ व्याख्या जरा रुंद आहे: संख्येचे तीन भाग करायचे, पहिला आणि शेवटचा यांची बेरीज केली की मधलाच अंक परत परत आला पाहिजे. जसं १६५ मध्ये १ + ५ = ६, २५५३ मध्ये २ + ३ = ५, ४७७७३ मध्ये ४ + ३ = ७. आपली संख्या पण तशी तोडून बघा: १२३४५६७८, मग ९, मग ८७६५४३२१. पहिला अधिक शेवटचा = ९९९९९९९९. मधे ९, बेरजेत सगळे ९. १, १२१, १२३२१ ह्या माळेवर त्यांनी १९३८ साली लेख लिहिला तेव्हा त्यांना नुसतं डेम्लो न म्हणता अद्भुत डेम्लो संख्या म्हटलं, आणि ते अगदी योग्य आहे.

पायरी ३: अंकांची बेरीज

१ ते ८ ची बेरीज ३६, परत उतरतानाची ३६, मधला ९. एकूण ८१, म्हणजे ९ चा वर्ग. हे पण आपोआप आहे, कारण मांडणीत नऊ ओळी आणि प्रत्येकीत नऊ एक, म्हणजे एकूण ८१ एक लिहिले होते आणि हातचा नसल्यामुळे त्यातला एकही हरवला नाही.

आता ८१ ने संख्येला भाग जातो का बघा. जातो, बाकी शून्य. भागाकार १५२४१५७८९९७१०४१. जी संख्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भागली जाते तिला कापरेकरांनी हर्षद नाव दिलं, १२, १८, २१ ह्या सगळ्या हर्षद. तर आपली संख्या पण हर्षद.

सरावासाठी एक खास गोष्ट करून बघा जी मी कुठे लिहिलेली पाहिली नाही. आपल्या संख्येतून ८१ वजा करा, येते १२३४५६७८९८७६५४२४०. हिच्या अंकांची बेरीज करा. ८१ च. आता मूळ संख्येत ८१ मिळवा, येते १२३४५६७८९८७६५४४०२, बेरीज परत ८१. तिन्हींना ८१ ने भाग जातो त्यामुळे एका ओळीत तीन हर्षद, आणि दोन्ही टोकांना आणखी एक पाऊल टाकलंत (शेवट १५९ किंवा ४८३) की बेरीज ९० होते आणि माळ तुटते.

पायरी ४: फोडायची

वर्ग असल्यामुळे अर्धं काम आधीच झालंय, फक्त १११११११११ चे अवयव काढायचे. तीन तीनचे गट पाडा: १११ १११ १११. म्हणजे १११ × १००१००१. १११ म्हणजे ३ × ३७. आणि १००१००१ म्हणजे ३ × ३३३६६७. ह्या ३३३६६७ ला पुढे फोडता येत नाही, ती मूळ संख्या आहे. तर पूर्ण फोड अशी:

३ चा चौथा घात × ३७ चा वर्ग × ३३३६६७ चा वर्ग.

विभाजक किती ते काढायला घातांकांमध्ये एक एक मिळवून गुणायचं: ५ × ३ × ३ = ४५. आणि ४५ म्हणजे १ पासून ९ पर्यंतची बेरीज. हा मात्र योगायोग आहे, त्याच्यामागे कारण शोधत बसू नका.

पायरी ५: ८ नसलेली संख्या

१११११११११ ला ९ ने भागा, कागदावर, लांब भागाकार. ११ मध्ये ९ एकदा, बाकी २, पुढचा १ खाली घेतला २१, दोनदा, बाकी ३, मग ३१, तीनदा, बाकी ४, असं मस्त चालू राहतं, ७१ ला सात वेळा आणि बाकी ८, आणि मग शेवटी येतात ८१, तिथे आठ वेळा नाही तर पूर्ण नऊ वेळा जातं आणि बाकी शून्य होते. म्हणून उत्तर १२३४५६७९. आठ गायब, आणि तो का गायब ते तुमच्या डोळ्यासमोर झालं.

घरात मुलं असतील तर इथे थांबून त्यांच्याबरोबर हा खेळ खेळा: आवडता अंक विचारा, समजा ७ म्हणाले, त्याला ९ ने गुणून ६३, आणि १२३४५६७९ × ६३ करायला लावा. ७७७७७७७७७ येतं. ४ म्हणाले तर ३६ ने गुणायचं आणि ४४४४४४४४४. कारण कळलंच असेल, ९ ने गुणलं की नऊ एक येतात आणि मग त्यांचा आवडता अंक. १ भागिले ८१ केलं तरी दशांशात हेच अंक फिरत राहतात, ०.०१२३४५६७९०१२३४५६७९…

पायरी ६: संख्येचा खरा सांधा

इथे जरा सावकाश, कारण मला सगळ्यात भारी वाटतो तो भाग हा.

आपली संख्या = १११११११११ × १११११११११. त्यातल्या एका १११११११११ च्या जागी १२३४५६७९ × ९ ठेवा आणि तो ९ उचलून दुसऱ्याला द्या. झालं:

१२३४५६७९ × ९९९९९९९९९

आता ९९९९९९९९९ ने गुणायचं म्हणजे शंभर कोटीने गुणून एकदा वजा करायचं. १२३४५६७९ पुढे नऊ शून्यं लावा आणि त्यातून १२३४५६७९ वजा करा. १२३४५६७९००००००००० − १२३४५६७९ = १२३४५६७८९८७६५४३२१. म्हणजे पूर्ण सतरा अंकी संख्या तुम्ही एका वजाबाकीत मिळवली! आणि बघा, वजाबाकीत डावीकडची १२३४५६७९ एकने कमी होऊन १२३४५६७८ झाली, आणि उजवीकडे ९८७६५४३२१ उरली. ज्या आठला आपण मघाशी शोधत होतो तो इथे परत आला.

आता ह्या दोन तुकड्यांना नऊ नऊ अंकांचं करून एकाखाली एक लिहा:

०१२३४५६७८
९८७६५४३२१

प्रत्येक रकान्यात बेरीज ९. नऊ रकाने, म्हणून ८१. म्हणजे अंकांची बेरीज ८१ येण्याचं हे दुसरं कारण, आणि हे पहिल्यापेक्षा खोल आहे, कारण हे फक्त आपल्या संख्येला लागू नाही. १ पासून ९९९९९९९९९ पर्यंत कुठलीही संख्या घ्या, तिला ९९९९९९९९९ ने गुणा, उत्तराच्या अंकांची बेरीज ८१ च येणार. रीत तीच, संख्येतून १ वजा करून डावीकडे लिहायची आणि त्या लिहिलेल्याला ९९९९९९९९९ मधून वजा करून उजवीकडे. नाशिकचा पिनकोड ४२२००१ घ्या. डावीकडे ४२२०००, उजवीकडे ९९९५७७९९९. उत्तर ४२२०००९९९५७७९९९, बेरीज ८१. देवळाली कॅम्पचा ४२२४०१ घेतला तर ४२२४००९९९५७७५९९, बेरीज ८१. तुमचा स्वतःचा पिनकोड करा, लगेच.

ह्याच धाग्याला लागून कापरेकर संख्या पण येतात. ४५ चा वर्ग २०२५, २० + २५ = ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, ८८ + २०९ = २९७. ७०३ चा वर्ग ४९४२०९, ४९४ + २०९ = ७०३. वर्ग तोडून जोडला की मूळ संख्या परत. आपली संख्या तिच्या अंकांच्या बेरजेने, म्हणजे ८१ ने गुणली तर ९९९९९९९९९ चा वर्ग होतो: ९९९९९९९९८००००००००१. तोडा, ९९९९९९९९८ + १ = ९९९९९९९९९. ती पण कापरेकर संख्या. डेम्लो, हर्षद आणि कापरेकर ह्या त्यांनीच शोधलेल्या तीन वेगवेगळ्या कल्पना, आणि तिन्ही ह्या एका संख्येपाशी येऊन भेटतात, हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या पानाकडे बघत बसलो होतो.

पायरी ७: देवळालीची परीक्षा

आपल्या गावाचं नाव ज्यात आहे अशी पण एक कल्पना आहे. कुठलीही संख्या घ्या, तिच्यात तिच्या अंकांची बेरीज मिळवा, जसं ४७ + ४ + ७ = ५८. मग ४७ हा ५८ चा जनक. पण काही संख्यांना जनकच नसतो, त्या कुठूनही तयार होत नाहीत: १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४… ह्यांना स्वयंभू संख्या म्हणतात आणि देवळाली संख्या पण म्हणतात.

तर आपली संख्या देवळाली संख्या आहे का? शोधायची रीत सांगतो. सतरा अंकांची बेरीज जास्तीत जास्त १५३ होते, त्यामुळे जनक असलाच तर आपल्या संख्येच्या मागे १५३ घरांच्या आतच असणार, म्हणजे फक्त शेवटचे तीन अंक बदलणार. आपल्या संख्येला ९ ने भाग जातो म्हणून जनकालाही ९ ने भाग गेलाच पाहिजे, तेव्हा ९ च्या टप्प्यांनीच मागे जायचं. सुरुवातीच्या चौदा अंकांची बेरीज ७५ आणि शेवटच्या तिघांची ६ किंवा १५, त्यामुळे एकूण ८१ किंवा ९० एवढेच दोन पर्याय. ९० मागे गेलात तर शेवट २३१, बेरीज ८१, जमत नाही. ८१ मागे गेलात तर शेवट २४०, बेरीज ८१, जमलं. म्हणजे जनक आहे, एकच आहे, आणि ती पायरी ३ मधलीच संख्या आहे, १२३४५६७८९८७६५४२४०. देवळाली संख्या नाही ही, पण परीक्षा काय सुंदर झाली.

कॅल्क्युलेटरबद्दल

आता सांगतो का बाजूला ठेवायला सांगितला. एक्सेलमध्ये १११११११११ चा वर्ग केलात तर १२३४५६७८९८७६५४३०० दिसेल, कारण तिथे पंधराच अंक धरले जातात, पुढे शून्यं. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला विचारलंत तर शेवट ३२० येतो. कारण असं की तिथे नेहमीच्या संख्या ज्या पद्धतीने साठवतात त्यात २ च्या ५३ व्या घातापर्यंतच, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंत, प्रत्येक पूर्णांक तंतोतंत बसतो. त्याच्यापुढे ५४ व्या घातापर्यंत फक्त सम संख्या बसतात, आणि आपली विषम आहे आणि नेमकी त्याच पट्ट्यात आहे. बऱ्याच फोनवर तर १.२३४ आणि पुढे ई१६ असलं काहीतरी येतं. मशीनवर खात्री करायचीच असेल तर पायथॉन वापरा, तिथे पूर्णांकाला अशी मर्यादा नाही, शेवटचा १ बरोबर येतो. नवीन शिकणाऱ्याने मात्र आधी कागद. स्क्रीनवर ३०० बघून "पॅटर्न इथे मोडतो" असं समजणारे लोक मी पाहिलेत आणि वाईट वाटतं, कारण मोडत नाही.

पायरी ८: खरंच कुठे मोडतो

नऊनंतर दहा. १११११११११११ नव्हे, मोजून दहा वेळा १ लिहा: ११११११११११. वर्ग करा. मधल्या रकान्यात दहा एक जमतात, पहिल्यांदाच हातचा येतो, शेजारच्या ९ चे १० होतात, परत हातचा, त्याच्या शेजारच्या ८ चे ९ होतात आणि तिथे थांबतं. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडे बघा, १२३४५६७९ परत आलं, आठशिवाय!

आणि अंकांची बेरीज? हातचा नसता तर १०० आली असती. प्रत्येक हातचा म्हणजे इथले दहा जाऊन शेजारी एक, म्हणजे बेरजेतून ९ कमी. दोन हातचे, १०० − १८ = ८२. मोजून बघा, ८२ च आहे. हे सगळं आपण दहाच्या पद्धतीने मोजतो म्हणून ९ वर थांबतं, आठच्या पद्धतीत मोजणारे असते तर १२३४५६७६५४३२१ ला थांबलं असतं.

पुढचा गृहपाठ म्हणून अकरा वेळा १ घ्या आणि उभी मांडणी करा, एकवीस रकाने लागतील. हातचे नीट मोजत जा, चार यायला हवेत, म्हणजे अंकांची बेरीज १२१ − ३६ = ८५. उत्तर १२३४५६७९०१२०९८७६५४३२१ असं जुळलं की समजा बरोबर केलंय.